एक गुलाब, एक तिकीट: सांगली-मिरजेतल्या कर्करुग्णांसाठीच्या फूलविक्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी २२ सप्टेंबरच्या आसपास आम्ही सांगलीत आणि मिरजेत गुलाब विकतो. त्यातून जे पैसे उरतात ते कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या माणसांच्या जाण्यायेण्यावर, राहण्यावर आणि जेवणावर खर्च होतात. स्टॉलवर, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि रिक्षातसुद्धा लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

तुम्ही नक्की कोण आहात?

कुणी घरातल्या आजारपणात दवाखान्याचे हेलपाटे घातलेले, कुणी परिचारिका, काही कॉलेजची मुलं-मुली, आणि फुलांच्या आडतीवर उभं आयुष्य काढलेले एक काका. काकांशिवाय हा उपक्रम दोन दिवस चालला नसता, कारण गड्डी हातात घेऊन ती आजची आहे की परवाची हे सांगणारा आमच्यात दुसरा कुणी नाही. पैशांचे व्यवहार नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या खात्यातूनच होतात. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही घेतला जात नाही.

उपचार तर सरकारी योजनेतून फुकट होतात. मग तुम्हाला पैसे कशाला हवेत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तो रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरलेले उपचार योजनेतल्या रुग्णालयात पैसे न भरता मिळतात. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांतलं बरंच काही त्यात बसतं. योजना चांगली आहे आणि ज्यांना ती लागू होते त्यांनी ती आधी वापरावी. प्रत्येक योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा त्याच्याकडे जा, आमच्याकडे नंतर या.

पण योजनेचा कागद रुग्णालयाच्या दारात सुरू होतो. घरापासून त्या दारापर्यंतचा खर्च त्यात नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला रेडिएशन द्यायचं तर बहुतेक वेळा आठवड्यातले पाच दिवस, असं सहा-सात आठवडे यावं लागतं. मशीनवरचं काम काही मिनिटांचं. पण जत किंवा आटपाडीहून येणाऱ्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो, आणि सोबत येणाऱ्याचाही. म्हणजे दोघांचं तिकीट, दोघांचं खाणं आणि दोघांचा बुडालेला रोज. रोज येणं झेपत नाही म्हणून मिरजेत खोली घ्यावी तर तिचं भाडं. घरी म्हैस असेल तर तिची धार काढायला शेजारणीला किती दिवस सांगणार? आठवडाभर ती आनंदाने करेल, दीड महिना कसा करेल?

मग होतं असं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आलेलं असतं, गिळवत नसतं, खिसा रिकामा असतो आणि माणूस म्हणतो, "बरं वाटतंय आता, राहू दे." उपचार अर्धवट सुटतात. रेडिएशनमध्ये मधे पडलेला खंड महागात पडतो. राहिलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो. एवढी मोठी यंत्रसामग्री, एवढे शिकलेले डॉक्टर, एवढी योजना, आणि सगळं अडतं एसटीच्या तिकिटावर. आमचा गुलाब त्या तिकिटासाठी आहे.

तिकिटाशिवाय आणखी कशाला पैसे वापरता?

खोलीभाडं, डबा, नाकातल्या नळीतून द्यायच्या पातळ आहाराची पावडर, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर लावायच्या पिशव्या, स्तन काढलेल्या बायकांसाठी आत घालायचा कृत्रिम भाग आणि त्याचा खास ब्रा. शेवटच्या दोन गोष्टी बायका आमच्यातल्या बायकांनाच सांगतात, तेही तिसऱ्या-चौथ्या भेटीत. एकदा एका ताईंनी टोपासाठी, म्हणजे केसांच्या विगसाठी विचारलं होतं, मुलीच्या साखरपुड्याला घालायचा म्हणून. ही चैन आहे की गरज यावर आमच्यात वाद झाला. टोप घेतला. तेव्हापासून हा वाद परत घालायचा नाही असं ठरलं आहे.

औषधांचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही उचलत नाही. तेवढी आमची ऐपत नाही, आणि त्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

२२ सप्टेंबरच का?

कॅनडात मेलिंडा रोज नावाची बारा वर्षांची मुलगी होती. १९९४ मध्ये तिला अस्किन्स ट्यूमर हा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं निदान झालं. उरलेल्या दिवसांत ती इतर रुग्णांना पत्रं, कविता लिहून धीर देत राहिली. तिच्या आठवणीत २२ सप्टेंबर हा कर्करुग्णांसाठीचा 'रोज डे' म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही मुंबईसह अनेक ठिकाणी त्या दिवशी रुग्णांना गुलाब दिले जातात.

फेब्रुवारीतल्या 'रोज डे'शी याची गल्लत करू नका. कॉलेजची मुलं सुरुवातीला करतात, मग स्टॉलवर उभं राहिली की विसरतात.

परदेशात तर यासाठी पिवळी डॅफोडिलची फुलं विकतात. तुम्ही गुलाब का विकता?

बरोबर. फुलं विकून कर्करोगासाठी निधी गोळा करण्याची ओळखीची पद्धत डॅफोडिलचीच. कॅनडात १९५७ साली टोरांटोतल्या स्वयंसेवकांनी ती सुरू केली, आणि पुढे आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथेही डॅफोडिल दिवस रुजला. बर्फाळ प्रदेशात हिवाळा सरताना जी फुलं आधी उमलतात त्यांतलं हे एक, म्हणून ते आशेचं फूल ठरलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हा दिवस ऑगस्टमध्ये असतो, कारण तिकडचा हिवाळा तेव्हा संपत असतो.

आता हे सांगलीत कसं बसवायचं? डॅफोडिलच्या कंदाला फुलण्यासाठी काही आठवडे चांगली थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे शाल घ्यावी लागते एवढीच काय ती थंडी. बाहेरून फुलं मागवायची तर विमानाच्या भाड्यातच सगळा निधी जाईल. गुलाब इथल्या पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाने झाकलेल्या शेडमध्ये पिकतो, वर्षभर मिळतो, आणि २२ सप्टेंबरशी त्याचं नावही जुळतं. एवढं पुरे.

मग झेंडू का नाही? आपलंच फूल आहे.

हे आमच्या काकांचंही म्हणणं होतं. पण झेंडू किलोवर घेतला जातो, एक फूल हातात घेऊन कुणी पन्नास रुपये देत नाही. शिवाय दसऱ्याला झेंडू कधी सोन्याच्या भावाने जातो, कधी रस्त्याकडेला ओतावा लागतो. त्या तेजी-मंदीत आम्हाला उतरायचं नाही. जरबेरा मात्र ठेवतो, लहान मुलांना त्याचे रंग आवडतात आणि त्याला काटे नसतात.

पितृपंधरवड्यात कुणी गुलाब घेतं का?

२२ सप्टेंबर ही इंग्रजी तारीख, आणि आपले सण तिथीवर. त्यामुळे हा दिवस कधी गणपतीत सापडतो, कधी पितृपंधरवड्यात, तर २०२५ साली तो नेमका घटस्थापनेला आला होता. गणपतीत आला की गर्दी भरपूर, पण फुलांचे भाव चढलेले. पितृपंधरवड्यात भाव उतरतात, आणि लोक मात्र "आता पंधरवडा आहे, नंतर बघू" म्हणतात.

याला आमच्याकडे एका आजींनीच उत्तर दिलं. त्यांनी पाच गुलाबांचे पैसे दिले, फुलं घेतली नाहीत, आणि म्हणाल्या, "ह्यांच्या नावानं एकाला जेवू घाला." त्यांचे यजमान याच आजाराने गेले होते. तेव्हापासून स्टॉलवर एक वही असते. फूल न्यायचं नसेल तर ज्यांच्या नावाने द्यायचं त्यांचं नाव त्यात लिहिता येतं. वही कुणाला दाखवली जात नाही.

फुलं कुठून आणता? शेतकरी फुकट देत नाहीत का?

मिरज तालुक्यात आणि आसपास जे पॉलिहाऊसवाले आहेत त्यांच्याकडून थेट घेतो, आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने घेतो. काही जण फुकट द्यायला तयार असतात. आम्ही नको म्हणतो, आणि यावर लोक नाराज होतात, तेव्हा कारण सांगायला हवं.

पॉलिहाऊस उभं करायला बँकेचं कर्ज लागतं. कागद फाटला की बदलायचा, ठिबक, खतं, औषधं, रोज पहाटेचं कटिंग, मजुरी. सप्टेंबरची हवा दमट, त्यामुळे भुरी आणि डाउनी या बुरशीच्या रोगांचा जोर. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. वर लग्नसराई नाही, म्हणजे मागणी बेताची. अशा महिन्यात एका गरजूला मदत करण्यासाठी दुसऱ्याकडून फुकट माल घ्यायचा हे आम्हाला पटत नाही. पैसे त्याच दिवशी चुकते करतो. एखाद्याला द्यायचंच असेल तर त्याने आधी फुलांचे पैसे घ्यावेत आणि मग स्टॉलवर येऊन गुलाब विकत घ्यावा. दोघांनी तसं केलंही आहे.

बाजारात हाच गुलाब दहा-पंधरा रुपयांना मिळतो. तुम्ही ५० घेता?

हो. फुलाची किंमत, गाडीभाडं, कागद आणि दोरा एवढं वजा जाता बाकी सगळं मदतीला जातं. स्टॉलवर उभ्या असलेल्या कुणालाही मानधन नाही, चहासुद्धा स्वतःचा. नक्की किती टक्के उरतं हे आधी सांगत नाही, कारण त्या सकाळी गड्डी काय भावाने मिळेल ते आधी कळत नाही. विक्री झाल्यावर जमा-खर्च जिथे स्टॉल होता तिथेच फलकावर लावतो.

ज्यांना निव्वळ गुलाब हवा आहे त्यांनी मंडईतून घ्यावा. यात राग नाही.

गुलाब घेऊन मी थेट माझ्या आजारी नातेवाइकाला द्यायचा ना?

थांबा. इथे बऱ्याच जणांची चूक होते, म्हणून आम्ही प्रत्येक फुलासोबत एक चिठ्ठी देतो.

केमो सुरू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. साधारणपणे डोस झाल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यात कमी असतात. त्या काळात शरीर साध्या जंतूंशीही झुंजू शकत नाही. फुलदाणीतल्या साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, कुंडीतल्या मातीत बुरशी असते. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही. पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसाला त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच अनेक कर्करोग विभागांत आणि विशेषतः अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खोल्यांत ताजी फुलं आणि कुंड्या आत नेऊ देत नाहीत. दारावरची सिस्टर तुमचा गुलाब बाहेर ठेवायला सांगेल तेव्हा तिच्याशी वाद घालू नका.

दुसरी गोष्ट वासाची. केमोमध्ये अनेकांना एरवी आवडणारे वास सोसत नाहीत. फोडणी, उदबत्ती, अत्तर, कशानेही मळमळ सुटते. याच कारणाने आम्ही गुलछडी विकत नाही. वास सुंदर, पण चार काड्या बंद खोलीत ठेवल्या की आजाऱ्याला बाहेर जावं लागेल. डच गुलाबाला, म्हणजे आम्ही विकतो त्या पॉलिहाऊसच्या गुलाबाला फारसा वास नसतो, तो इथे गुण ठरतो.

उपचार संपून बरेच दिवस झाले असतील आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर खुशाल द्या. नाहीतर गुलाब तुमच्या घरात ठेवा. तो घेतला तेव्हाच त्याचं काम झालं.

मग आजाऱ्याला भेटायला जाताना काय न्यावं?

आधी फोन करा, ही पहिली गोष्ट. आपल्याकडे आजाऱ्याला 'बघायला' जायची रीत आहे. पाच जण, दोन पोरं, केळी आणि बिस्किटचा पुडा. त्या पाचांतल्या एकाला सर्दी असते. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, दारातून हात केला तरी पोहोचतो.

न्यायचंच असेल तर मोसंबीपेक्षा उपयोगी गोष्टी आहेत. ओपीडीच्या रांगेत त्यांच्याऐवजी उभे राहा. घरून त्यांना चालेल ते विचारून डबा द्या. तोंड आलेल्याला तिखट-मिठाचं चालत नाही, मऊ भात, पातळ खीर, ताक-भाताची पेज असं काही. त्यांच्या मुलाला शाळेतून आणा. सोबत बसणाऱ्या माणसाला दोन तास झोपू द्या, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आणि "आमच्या मेव्हण्यालाही हेच झालं होतं" असं वाक्य सुरू करण्याआधी त्या मेव्हण्याचं पुढे काय झालं ते आठवून बघा.

रुग्णांनी हात लावलेली फुलं घेतली तर काही होतं का? कर्करोग लागतो का?

लागत नाही. एका ताटात जेवल्याने, कपडे वापरल्याने, शेजारी बसल्याने कर्करोग होत नाही. आमच्या स्टॉलवर पूर्वी उपचार घेतलेली माणसं उभी असतात आणि त्यांच्या हातून फूल घ्यायला लोक बिचकतात, हे आम्ही पाहिलेलं आहे. ते हसून सोडून देतात, आम्हाला मात्र हसू येत नाही.

काही विषाणूंमुळे पुढे कर्करोग होऊ शकतो हे खरं. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा, हिपॅटायटिस बीमुळे यकृताचा. पण या दोन्हींवर लस आहे. मुलींना एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात दिलेली सगळ्यात चांगली. घरात मुलगी असेल तर गुलाब घेतला नाहीत तरी चालेल, डॉक्टरांना एवढं विचारा.

मदत केलेल्या रुग्णांचे फोटो का टाकत नाही? लोकांचा विश्वास बसेल.

फोटो काढत नाही, टाकणार नाही. चेकची मोठी पुठ्ठ्याची प्रत धरून उभ्या असलेल्या टक्कल पडलेल्या बाईचा फोटो पाहून कुणाचा विश्वास वाढत असेल तर वाढो. ती बाई उद्या गावातल्या दुकानात जाते, तिच्या पोरीचं लग्न ठरायचं असतं. अजूनही कित्येक घरांत हा आजार सोयऱ्यांपासून लपवतात. ते योग्य की अयोग्य हे आम्ही ठरवायचं नाही. विश्वासासाठी हिशोब आहे, पावत्या आहेत, लेखापरीक्षण आहे. ते बघा.

आयकरात सवलत मिळेल का?

गुलाबाच्या किमतीवर नाही, कारण ती खरेदी आहे. फूल न घेता न्यासाला सरळ देणगी दिलीत तर पावती मिळते आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीसाठी ती चालते. पॅन द्यावा लागतो. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम या सवलतीत धरली जात नाही, तेव्हा मोठी देणगी बँकेतून द्या. तुम्ही नवी कररचना निवडली असेल तर ही वजावट मिळत नाही.

तुमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर?

आम्ही घरोघरी फिरत नाही, रेल्वेत डबे वाजवत नाही आणि रुग्णाचा रिपोर्ट मोबाइलवर पाठवून पैसे मागत नाही. क्यूआर कोड फक्त स्टॉलवर असतो. स्कॅन केल्यावर न्यासाचं नाव दिसायला हवं. एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका आणि उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला दाखवा. मूळ कोडवर दुसरा कागद चिकटवण्याचे प्रकार होतात, म्हणून आमची मुलं दर तासाला कोड तपासतात.

तुम्हाला स्वतःच असा निधी गोळा करायचा असेल आणि तुमची संस्था नोंदणीकृत नसेल, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवणं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली आवश्यक आहे. हे कलम बहुतेक मंडळांना ठाऊकच नसतं.

आमची कंपनी प्रायोजक होईल. चालेल का?

तंबाखू, सुपारी, गुटखा किंवा मद्य यांच्याशी संबंध नसेल तर बोलू. असेल तर नको. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-सुपारीचा मावा कुठे मिळतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात एक फेरी मारलेल्या माणसाला यात तडजोड सुचणार नाही. घरोघरच्या मिश्रीच्या, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या डबीचंही तेच, ती बायकांच्या हातात असते म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही एवढंच.

याला जोडून मिरजेकडून एक अवघड प्रश्न येतो: पानमळेवाल्यांचं काय? आरग, बेडग, नरवाड या पट्ट्यातली पानं लांबवर जातात, आणि कित्येक घरं त्यावर उभी आहेत. आमचं म्हणणं असं की पानमळा करणारा शेतकरी आमच्याकडे गुलाब घेईल, पेटीत पैसे टाकेल, मदतही मागेल. तो कुणापेक्षाही वेगळा नाही. पण विड्यातली सुपारी तंबाखूशिवायसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे पानाच्या दुकानाचा फलक आमच्या मांडवावर लागणार नाही. यावर आमच्याशी भांडलेले लोक आहेत. भांडण अजून मिटलेलं नाही.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

साताऱ्याहून येताना कासची फुलं आणली तर?

नाही. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथलं फूल तोडायला मनाई आहे. चांगल्या कामासाठीसुद्धा.

शाळा, कॉलेज किंवा गणेश मंडळ म्हणून सहभागी व्हायचं आहे.

मंडळांनी आगाऊ गड्ड्या सांगाव्यात. डच गुलाबाची गड्डी वीस फुलांची असते. शाळेतल्या मुलांना आम्ही रस्त्यावर विक्रीला उभं करत नाही. शाळेच्या आवारात, शिक्षकांसोबत असेल तर ठीक. कॉलेजच्या मुलांना दोन तासांची पाळी मिळते आणि आदल्या दिवशी एक बैठक होते, त्यात फुलांपेक्षा काय बोलायचं नाही हेच जास्त सांगतो. "कर्करोग बरा होतो" असं सरसकट म्हणायचं नाही, आणि "बरा होत नाही" असंही नाही. कोणता, कुठल्या टप्प्यावर, हे माहीत नसताना दोन्ही खोटं.

मदत हवी आहे. काय करावं लागेल?

रुग्णालयाची फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड आणि पुढच्या तारखा लिहिलेला डॉक्टरांचा कागद घेऊन या. अर्ज एका पानाचा आहे, तोही आम्हीच भरून देतो. उत्पन्नाचा दाखला मागत नाही. जो दीड महिना बाजार बुडवून मिरजेत राहतो त्याला दाखल्यासाठी तहसीलला पाठवणं बरं दिसत नाही. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात असाल तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांनाही भेटा, त्यांना इतर निधींची माहिती असते.

मदत सहसा रोख देत नाही. तिकिटाचे पैसे आठवड्याला, खोलीचं भाडं थेट मालकाला, जेवण खानावळीत. काहींना हा अविश्वास वाटतो. पण रोख हातात आली की घरातलंच कुणीतरी ती मागून नेतं, असं रुग्णांनीच आम्हाला सांगितलं.

रुग्ण कर्नाटकातला असेल तर?

चालतो. अथणी, चिकोडी, विजापूरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला दवाखान्यासाठी येत आली आहेत. इथली मिशनची, म्हणजे वानलेस यांच्या नावाची दवाखान्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, तेव्हापासून सीमा कुणी विचारली नाही. महाराष्ट्राची योजना त्यांतल्या बहुतेकांना लागू होत नाही, त्यामुळे उलट त्यांनाच जास्त गरज पडते. आमच्यातले दोघे चांगलं कन्नड बोलतात.

टाटाला जायला सांगितलं आहे. तिथे काही मदत होईल का?

परळच्या टाटा रुग्णालयात जाताना रिपोर्टसोबत बायोप्सीच्या मूळ काचा आणि मेणाचे ठोकळे, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, इथल्या प्रयोगशाळेतून मागून न्या. तिथले डॉक्टर ते स्वतः पुन्हा तपासतात. नसतील तर एक हेलपाटा वाढतो.

रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये पूर्ण तिकीट माफ आहे, सोबत्याला त्याच वर्गात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवरच काढावं लागतं. रात्रीच्या महालक्ष्मीने गेलात तर सकाळी दादरला उतरता येतं. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे, तीही दाखल्यावरच. हे सगळे कागद आम्ही फुकट भरून देतो, आणि खरं सांगायचं तर गुलाबापेक्षा यातच आमचा जास्त वेळ जातो.

राहण्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठी आधार आहे. जागा भरलेल्या असतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनच चौकशी सुरू करा.

गुलाब जास्त दिवस कसा टिकेल?

घरी गेल्यावर देठ तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला. उन्हात आणि पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवू नका. केळ्यांतून निघणाऱ्या वायूने फूल लवकर कोमेजतं. जरबेऱ्याला मात्र दोन बोटंच पाणी, नाहीतर देठ सडतो.

गुलकंद करू नका. पॉलिहाऊसच्या गुलाबावर फवारण्या झालेल्या असतात. गुलकंद देशी गुलाबाचा.

त्या दिवशी पाऊस आला तर?

येतोच. मांडव आहे. कृष्णेला पाणी असेल आणि आयर्विन पुलाखालची पातळी बघायची वेळ आली असेल तर विक्री पुढे ढकलतो, कारण तेव्हा सांगलीकराचं लक्ष दुसरीकडे कुठे नसतं. नवी तारीख स्टॉलच्या जागी फलकावर लिहितो.

उरलेल्या फुलांचं काय करता?

संध्याकाळी सातनंतर दोन गुलाब एकाच्या भावात. त्यानंतरही उरली तर काका घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी हारवाल्यांना पाकळ्यांच्या भावाने देतात. त्याची पावती हिशोबात असते.